भवानी

आक्कानं वांग्यांच्या पाटीवर ओलं पोतं ओढलं आणि म्हणाली, "वाईच कडंला हुबं ऱ्हावा. भवानी व्हायची हाय."

मी तिच्या पाटीसमोर उभी होते. रविवारची सकाळ, कॉलनीच्या मोकळ्या जागेतला शेतकरी बाजार नुकताच मांडला जात होता. माझ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हातात पिशवी, दुसऱ्या हातात नोट. मला वाटलं, तिनं मला ओळखलंच नाही.

म्हटलं, "अहो, मग करा की भवानी. मीच आलेय."

ती खाली बघत मेथीच्या पेंड्या सारख्या करत बसली. त्या आधीच सारख्या होत्या. "तुमची नगं," म्हणाली. "दुसरं कोन तरी येऊ दे. मग घ्या तुमी काय पायजे ते."

मी कडेला झाले. खरंच झाले. पाय आपोआप सरकले. चपलेखाली कुणीतरी टाकलेली कोबीची पानं होती, त्यांचा कुजका वास येत होता, आणि मी त्यात उभी राहून दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत होते. कशासाठी? अर्धा किलो वांग्यांसाठी.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे इथं कुणाला सांगायला नको. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट काट्याला लावायची, कपाळाला लावायची, मग गल्ल्यात टाकायची. हात चांगला असला तर दिवस चांगला. वाईट असला तर माल परत न्यायचा. आक्का बिद्रीकडच्या एका गावातून टेम्पोनं येते. घरची शेती, बिनखताची भाजी, तोंडानं फटकळ. मला ती आवडायची. आणि उन्हाळाभर तिची भवानी मीच करत होते. मी बँकेत रोखपाल आहे, रविवार सोडून सवड नसते, म्हणून लवकर जायची. आक्का लांबूनच ओरडायची, "या बाई, तुमच्याच नावानं खोळंबलोय! तुमचा हात लागला की माल उठतोय." माझी नोट डोळे मिटून कपाळाला लावायची. एकदा तर कुणी गृहस्थ माझ्या आधी आले, तर त्यांना म्हणाली, "दम धरा, आमच्या बाईंची भवानी हाय." आणि माझ्या पिशवीत दोन लिंबं फुकट टाकली. मला बरं वाटायचं. का नाही वाटणार?

मग एका रविवारी तिनं विचारलं, "म्हायेर कुठलं तुमचं?"

मी गाव सांगितलं. कागल तालुक्यातलं.

"आगंबाई, आमची ननंद हाय की तितं. कुनाच्यातल्या तुमी?"

कुणाच्यातल्या. आमच्या भागात हा प्रश्न नाव विचारायला नसतो. बापाचं नाव सांगून सुटका होत नाही. मी लहानपणापासून ओळखते तो प्रश्न, त्याला वास असतो. पण त्या दिवशी ऊन चांगलं होतं, आक्का हसत होती. मी सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध."

ती हसतच राहिली, पण तोंडावरचं हसू तिथल्या तिथं वाळलं. दोडके पिशवीत टाकले. सुटे पैसे माझ्या तळहातावर ठेवायचे, ते तिनं पोत्यावर ठेवले. मी उचलले. तेवढ्यावरून मनात काही आणायचं नाही, असं मीच मला सांगत घरी आले.

आणि पुढच्या रविवारी वांग्यांवर पोतं.

तर मी त्या पानांत उभी होते. तेवढ्यात कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष आले. निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. हा बाजार त्यांनीच सुरू केला. काय झालं ते आक्कानं त्यांना हळू आवाजात सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. आयुष्यभर पोरांना शिकवलंय, बोलेल.

सर हसले. "एवढंच ना? मी कोथिंबीर घेतो एक पेंडी. झाली भवानी. मग बाईंना द्या काय ते. प्रश्न मिटला."

आक्कानं त्यांची नोट कपाळाला लावली. सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी धन्यवाद म्हणावं, याची वाट बघत होते. आणि मी म्हणाले. "थँक यू सर" म्हणाले. ते शब्द अजून माझ्या तोंडात आहेत, खरकटं अडकून राहावं तसे. आक्कानं शेजारच्या काट्यावर तोलून दिलेली अर्धा किलो वांगीही मी मुकाट्यानं घेतली.

शेजारी गूळ विकणारे म्हातारे काका सगळं बघत होते. मी गूळ घ्यायला वाकले तर म्हणाले, "मनावर घेऊ नगा. तिचा काटा बंद पडलाय, म्हणून बिथारलीया."

"काटा कसा बंद पडला?"

"गोमूत्र शिंपाडलं की त्येच्यावर. गेल्या रविवारी तुमी गेल्यावर. ब्याट्रीचा काटा त्यो, आत गेलं पानी. आता म्हंती, बगा, हात लागला आन काटा बसला."

मी ढेप हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या हातानंतर तिनं काटा शुद्ध केला. शुद्ध करताना तिनंच तो बिघडवला. आणि बिघडल्याचा आळही माझ्याच हातावर. ह्याला काय म्हणायचं? हसावं तर हसू येईना. बँकेत दिवसभर नोटा माझ्या हातून जातात. ह्या कॉलनीतल्या निम्म्या घरांची पेन्शन मी मोजून देते. एकानंही नोटेवर गोमूत्र शिंपडलेलं मी पाहिलेलं नाही.

घरी येऊन भाजी ओट्यावर टाकली आणि अचानक आई आठवली. गावच्या आठवडी बाजारात आई मला घेऊन जायची. आम्ही लवकर पोहोचायचो आणि मग आई एका कडेला थांबायची. मी कंटाळायची, म्हणायची, आई, घे की, कुणी नाहीये. ती म्हणायची, "दम काढ. दुसऱ्यांनी घेतल्यावर घ्यायचं." मला इतकी वर्षं वाटत होतं, आई भाव उतरायची वाट बघायची. मी ही गोष्ट लोकांना कौतुकानं सांगितली आहे. आमची आई किती हिशेबी, म्हणून. आई हिशेबी नव्हती. आईला पहिलं घ्यायची परवानगी नव्हती. हे मला वांगी चिरायला घेतल्यावर कळलं. मी विळी बाजूला सारली. ती वांगी मी कचऱ्यात टाकली.

पुढचा रविवार. मी गेले, पुन्हा सगळ्यांच्या आधी. आक्काच्या पुढ्यात नवा काटा होता. त्याला हळदकुंकू, वर लिंबू-मिरची. मी नोट काढून त्या काट्यावर ठेवली.

"अर्धा किलो वांगी."

"बाई, उगं कशाला..." ती म्हणाली. "थांबा की वाईच. सर येतील आता."

"सर येऊ देत. त्यांना माझ्यामागं उभं राहू दे."

तिनं नोटेला हात लावला नाही. पाटीवर पोतं ओढलं. "मग इकायचंच न्हाय मला."

"नका विकू. मी इथंच आहे."

लोक येत गेले. मागं रांग झाली. सरही आले, हातात कापडी पिशवी. काय झालं, काय झालं, सुरू झालं. मी मागं न वळता मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्यांना माझ्या हातची भवानी चालत नाही. मी बौद्ध आहे म्हणून. उन्हाळाभर चालत होती."

आक्का माझ्याकडं बघत म्हणाली, "तवा म्हाईत न्हवतं की मला."

अगदी साधेपणानं म्हणाली. रागानं नाही, लाजेनंही नाही. जणू भेंडी किडकी निघाली, आधी दिसली नव्हती. वर म्हणाली, "तुमी चांगल्या हाय. माज्या मनात कायबी न्हाय. पर धंद्याचं पयलं असतंय."

मला वाटलं होतं, मागून कुणीतरी बोलेल. बोलले. एक बाई म्हणाली, "अहो, एवढ्याशासाठी सगळ्यांचा खोळंबा. नंतर घ्या ना, वांगी काय पळून चाललीत?" दुसरे कोणी म्हणाले, "प्रत्येकाची श्रद्धा असते." ह्याच कॉलनीत माझा नवरा गणपतीच्या वर्गणीची पावती फाडायला बसतो. ह्याच बाया माझ्या हातचा तिळगूळ घेऊन गेल्यात. माझी किळस आक्कापुरती राहिली नव्हती. ती त्या अख्ख्या रांगेची झाली. आक्का निदान तोंडावर म्हणते. रांग म्हणते, नंतर घ्या ना.

सरांनी तिच्याच दुसऱ्या पाटीतली कोथिंबीर उचलली, वाकून आक्काच्या मांडीवर नोट टाकली आणि म्हणाले, "झाली भवानी. चला, पुढं." आणि बाजार सुरू झाला. माझ्या डोक्यावरून. माझी नोट काट्यावर तशीच, तिच्यावरच टोमॅटो ठेवून आक्का तोलायला लागली. मी नोट ओढून घेतली. मी हरले, हे सरळ सांगते. त्या दिवशी रिकाम्या पिशवीनं घरी आले.

संध्याकाळी सर घरी आले. मी चहा ठेवला. म्हणाले, साखर बंद आहे. म्हटलं, बिनसाखरेचाच आहे. म्हणाले, आत्ताच झाला. कप त्यांच्यासमोर निवत राहिला. त्यांनी सोबत आणलेली पिशवी टेबलावर ठेवली. वांगी होती, निवडलेली, कोवळी.

"बाई, आपलं कोल्हापूर पुरोगामी आहे. पण खेड्यातल्या माणसाला वेळ लागतो. मी तोडगा काढलाय. दर रविवारी तुमची भाजी घरपोच. उत्तम माल, मी स्वतः निवडून देतो. जादा एक पैसा द्यायचा नाही. तुमचाही मान राहील, बाजारही सुरळीत चालेल."

त्यांना मनापासून वाटत होतं की ते माझा मान ठेवतायत. हेच सगळ्यात ओकारी आणणारं होतं. गावाबाहेरची वस्ती आता दारापर्यंत आणून देतायत, तीही निवडून, पिशवीत घालून, आणि वर मी उपकार मानायचे.

मी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "सर, मला घरी भाजी नको. मला बाजारात जायचंय."

"अहो, पण वाद होतो. आक्का यायची बंद होईल. उद्या बाकीचे शेतकरी पण..."

"होऊ दे बंद."

"एका माणसासाठी अख्खा बाजार?"

"एका माणसाला बाहेर ठेवूनच चाललाय की तुमचा अख्खा बाजार," मी म्हटलं. "त्यापेक्षा बंद बरा."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "विचार करा." मी म्हटलं, केलाय.

नवरा म्हणतो, लक्ष्मीपुरीच्या मंडईत जाऊ, तिथं कोण विचारतं. बरोबर आहे, तिथं गर्दीत कुणी विचारत नाही. पण मी लपून भाजी घेणार नाही. आणि कडेला उभी राहणार नाही, कुणाच्या कोथिंबिरीच्या पेंडीनं माझी वाट मोकळी होऊ देणार नाही. उद्या रविवार आहे. टेम्पो लागायच्या आधी मी त्या जागेवर असेन. आक्का उतरेल, पाट्या मांडेल, मला बघेल. पोतं ओढलं तर ओढू दे. दुसऱ्याची नोट तिनं कपाळाला लावली तर मी सगळ्यांदेखत विचारणार, माझी का नाही. दर रविवारी विचारणार. ज्याला लाज वाटेल त्यानं बाजार सोडावा. मी सोडणार नाही.