थोरलीचा चोक

निम्म्या शहराला गाडी शिकवून मास्तर घरी बसले, पण संशय काही घरी बसला नाही. शिकाऊ माणसाचा पाय कधी कुठे पडेल याचा नेम नसतो. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून मास्तरांचा माणसांवरचा भरवसाच उडाला होता.

भरवसा होता तो थोरलीवर. थोरली म्हणजे वडिलांच्या वेळची गाडी. पत्रा जाड, स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि थंड इंजिन सुरू करायचं तर डॅशबोर्डवरचा चोक हाताने बाहेर ओढायचा; इंजिन तापलं की आत ढकलायचा, नाहीतर काळा धूर सोडून बंद पडायची. तिच्या शेजारी वीस वर्षांची धाकटी उभी असे. हिच्या काचा बटणावर, स्टिअरिंग लोण्यासारखं. मास्तरांच्या मते धाकटी आतल्या गाठीची होती. काही दुखलं तर तोंडाने बोलायची नाही, नुसता पिवळा दिवा लावून बसायची. थोरली काय ते धूर सोडून तोंडावर सांगते. तिच्या डाव्या दारावर हल्ली दोन ओरखडे उठले होते. त्याबद्दल मात्र मास्तर अवाक्षर काढत नसत.

"दोन गाड्या कशाला? थोरली काढून टाका की," असं जावई एकदा गोड आवाजात म्हणाला. तेव्हापासून मास्तरांच्या मनात पाल चुकचुकत होती.

एका संध्याकाळी फिरून आल्यावर ते सहज थोरलीत बसले आणि पोटाला स्टिअरिंग रुतलं. सीट पुढे सरकवलेली. आरसा खाली झुकलेला. पेट्रोलचा वास, आणि चोक पुरता बाहेर. मास्तरांनी लगेच निकाल लावला. चोक आत ढकलायचा असतो हे न कळणारा माणूस धाकटीच्या पिढीचा, म्हणजे जावईच. पण तो ताडमाड उंच, मग सीट पुढे कशी? म्हणजे गिऱ्हाईक बुटकं. आपल्या पाठीमागे गाडी दाखवली जात होती तर. मास्तरांना संताप आला, आणि खरं म्हणजे रडूही आलं.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" हीसुद्धा फितूर, असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला निघाले आणि कोपऱ्यावरूनच परतले. थोरली जागेवर नव्हती. जवळच्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानातून काळा धूर येत होता. मास्तर तरातरा तिथे गेले. गाडी बंद पडली होती. शेजारच्या सीटवर जावई, आणि स्टिअरिंगमागे, जेमतेम काचेवर डोकं काढून, बायको. चोकच्या मुठीला तिची भरगच्च पर्स लटकत होती.

जावई खाली उतरून मान खाली घालून उभा राहिला. मास्तरांनी बायकोला एवढंच विचारलं, की शिकायचंच होतं तर मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" ती म्हणाली. "डाव्या डोळ्याने दिसत नाही ते."

धाकटी का नाही घेतलीस, हे मास्तरांनी उगीच विचारलं.

"तुम्हीच शिकवायचात ना पोरांना? जुन्या गाडीवर हात बसला की कुठलीही चालवता येते."

आयुष्यभर परक्यांना शिकवलेलं हे वाक्य तिने दारामागून ऐकलं होतं. तिला शिकवावं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

ते वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले. पर्स काढून मांडीवर घेतली, चोक आत ढकलला.

"हं," ते म्हणाले, "क्लच दाब."