एका रात्रीचा प्रश्न

मे महिन्यात भर दुपारी खराडीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आम्ही सगळे डबे उरकून एसीच्या झोताखालची खुर्ची कुणाची यावर भांडत असायचो, आणि नेमक्या त्याच वेळी गायकवाड मॅडम खाली फेरी मारायला निघायच्या. छत्री नाही, गॉगल नाही, पुण्यातल्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ तर नाहीच नाही. समोर चाललेलं बांधकाम, त्यापलीकडे विकायचं राहिलेलं एक शेत, तिथवर जाऊन परत. लालबुंद चेहऱ्याने येऊन घटाघटा पाणी प्यायच्या आणि पगाराचं काम पुढे ओढायच्या. मी तेव्हा नवीनच लागले होते. न राहवून म्हटलं, "मॅडम, ऊन बाधेल हो!"

"बाधू दे. ऊन निदान आडनाव विचारून बाधत नाही."

असं बोलायच्या. सुनंदा गायकवाड. पगारविभागात होत्या, पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. कंपनी अमेरिकेची, पोरं पंचविशीतली, बोलणं निम्मं इंग्रजी, आणि त्यात या एकट्याच कडक इस्त्रीच्या सुती साडीत. साहेबाने एकदा लाडात येऊन "सुनंदा, यू आर लाइक अ मदर टू अस" म्हटलं, तर त्याला म्हणाल्या, "मग रजेचा अर्ज आईने टाकलाय असं समजून सही करा." त्याने केली की हो निमूट!

विश्रांतवाडीला धाकटा भाऊ राजू, वहिनी आणि भाच्यांबरोबर राहायच्या. फ्लॅट घेतलेला मॅडमच्या पगारावर. पण त्यात मॅडमची जागा कुठली, तर हॉलमधला दिवाण. सगळे टीव्ही बघून उठेपर्यंत त्यांना आडवं होता यायचं नाही, आणि सकाळी दूधवाल्याची बेल वाजली की पहिल्या उठणार त्याच. याबद्दल तक्रार म्हणून कधी ऐकली नाही. एकदाच म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्यांना दारं आहेत. मला तेवढी खिडकी आहे."

आदल्या वर्षी त्या एका मराठी टूर कंपनीबरोबर सिंगापूरला जाऊन आल्या होत्या. अशा सहलींत एकट्या बायकांच्या जोड्या लावून दोघींत मिळून एक खोली देतात. मॅडमच्या जोडीला आलेल्या बाई मोठ्या गोड. विमानात लाडू दिला, 'सुनंदाताई' म्हणाल्या. हॉटेलात पोचल्यावर बॅगा उघडता उघडता विचारलं, "गायकवाड म्हणजे कुठले हो? राजघराण्यातले का?"

आता पुण्यात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे शेंबडं पोरही सांगेल. मॅडम म्हणाल्या, "नाही, येरवड्याचे. तुरुंगाच्या भिंतीबाहेरचे. बौद्ध आहोत आम्ही."

बाई हसल्या. छान छान म्हणाल्या. आणि तासाभरात टूर मॅनेजर दारात उभा! बाईंना म्हणे एसी सोसत नाही, त्या तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्या दोघींबरोबर राहतील. बाकीचे दिवस बसमधली मॅडमच्या शेजारची सीटही रिकामीच राहिली.

हे त्यांच्या तोंडून ऐकून मला संताप आला. म्हटलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलणार होते. पण दार लावलं, कडी घातली आणि पलंगावर बसले. आणि एकदम लक्षात आलं, केतकी, की या वयापर्यंत मी एकही रात्र एकटी एका खोलीत झोपलेली नाही. नागपूरला दीक्षाभूमीला गेले ती गर्दीत, बुद्धगयेला गेले ती महिला मंडळाबरोबर धर्मशाळेच्या हॉलमध्ये. त्या बाईने मला वाळीत टाकायला खोली दिली आणि मी मेली त्या खोलीच्या प्रेमात पडले! पण ती मला कुणीतरी टाकून दिलेली खोली होती. आता मी माझी मी घेणार."

बस्स! तिथून सुरुवात झाली. एक आठवडा, एकटी, आणि तोही मे महिन्यात. कारण मार्च एंड आणि त्यामागचं ऑडिट उरकल्याशिवाय आमच्या विभागात रजा म्हणजे शिवी. मी त्यांच्याबरोबर डेक्कनला एका टूर कंपनीच्या काउंटरवर गेले. तिथला मुलगा उत्साहात म्हणाला, "सिंगल लेडी का? काळजीच नको, आम्ही मस्त जोडीदार देतो. व्हेज-नॉनव्हेज बघूनच जोडी लावतो."

"जोडीदार हवा असता तर तुमच्याकडे कशाला आले असते? वयात होते तेव्हा घरी स्थळं येत होती."

"पण मॅडम, मे मध्ये सिंगापूर, थायलंड सगळीकडे भट्टी असते. सगळे नोव्हेंबरात जातात."

"सगळे नोव्हेंबरात जातात ना? मग मी मे मध्येच जाते." आणि उठल्या.

मग आमच्या टेबलावर डबा खाताना देशांची निवड सुरू झाली. शेजारच्या टीममधला अभय ट्रेकिंगवाला, त्यामुळे जगातलं सगळं त्याला ठाऊक. मॅडमची कसोटी एकच: तिथे आपली माणसं भेटतात का? भेटत असतील तर नको. थायलंड पहिल्या दिवशीच बाद झालं, अभयच्या सोसायटीतली दोन कुटुंबं तिथून नुकतीच फणसाच्या वेफर्सची पाकिटं घेऊन परतली होती. बालीचं नाव निघालं तर मॅडम म्हणाल्या, "तिथे सगळी नवी जोडपी. मी काय त्यांचे फोटो काढत फिरू?" कंबोडियावर चार दिवस घुटमळल्या. पण तिथली देवळं समजायला गाईड लागतो आणि गाईडला ग्रुप लागतो, म्हणून तेही गेलं. शेवटी एका दुपारी म्हणाल्या, "लाओस."

"लाओस? तिथे काय आहे?" अभय म्हणाला.

"नदी आहे."

"आणि?"

"आणखी काय पाहिजे रे? उन्हाळ्यात आपल्या मुठेत पाणी दिसतं का तुला? तिथल्या नदीत दिसेल."

लॅपटॉप माझा, म्हणून गेस्टहाउस ठरवायला मी रविवारी त्यांच्या घरी गेले. राजूभाऊ माणूस वाईट नव्हे, ताईवर जीव टाकणारा. पण कासावीस झाले होते. "ताई, जायचंच तर ग्रुपबरोबर जा की. आणि मे मध्ये पोरं घरी असतात, हिला माहेरी जायचंय. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गायकवाडांची सुनंदा लाओसला गेली. त्यात खोटं काय आहे?"

भाऊंनी दुसरी वाट धरली. "बरं, बौद्धांचाच देश आहे म्हणे. तेवढीच वंदना होईल."

"तथागत वाटेत भेटले तर हात जोडीन रे. पण जातेय ती माझ्यासाठी. मला आठवडाभर एक खोली पाहिजे. आतून कडी लावली की बाहेर कुणाचं काही अडू नये, अशी."

"इथे तुला काय कमी आहे, ताई?" भाऊंनी विचारलं. मॅडम दिवाणावरची चादर विनाकारण सारखी करत राहिल्या. मी खाली मान घालून त्यांच्या नावाचं स्पेलिंग टाईप करत बसले. विमानतळावर सोडायला मात्र भाऊच गेले.

परत आल्या त्या काळ्याठिक्कर पडून, आणि इतक्या प्रसन्न की ओळखू येईनात. आम्ही डबे बाजूला सारून भोवती बसलो. नदीकाठी लाकडी खोली, खिडकीतून मेकाँग, दुपारी अंगाची लाही लाही. कुणी नाही तेव्हा उन्हात हिंडायचं आणि कडी लावून वाटेल तेव्हा झोपायचं. दोन दिवस असे सुखाचे गेले. आणि तिसऱ्या दिवशी गेस्टहाउसच्या पायरीवर कानावर पडलं, "अगं बाई, केवढं हे ऊन!"

पुण्याचंच कुटुंब! नवरा-बायको आणि म्हातारी सासू. त्यांच्या खोलीतला एसी बंद पडलेला, दुसरी खोली नाही. गृहस्थ अगदी अदबीने म्हणाले, "ताई, आपण एकट्याच आहात असं कळलं. आईंना आपल्या खोलीत झोपू द्याल का? एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"मग?" आम्ही विचारलं.

"मी नाही म्हटलं."

आपल्यात असं नाही म्हणत. म्हातारं माणूस, परका मुलूख, त्यात आपल्या गावचं! अभयला राहवेना. "मॅडम, सॉरी, पण हे काही बरोबर नाही वाटत. एका रात्रीचा प्रश्न होता."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "अभय, मी लहान होते तेव्हा आत्या आली की माझं अंथरूण आत्याला. एका रात्रीचा प्रश्न. राजूची बारावी आली, आतली खोली राजूला. एका वर्षाचा प्रश्न. मग त्याचं लग्न, मग पोरं, मग पोरांची बारावी. सिंगापूरला त्या बाईंनी खोली बदलली तेव्हा मॅनेजर मला हेच म्हणाला, तुम्ही समजूतदार आहात, चार रात्रींचा प्रश्न आहे. माझं सगळं आयुष्य असं एकेका रात्रीने गेलंय, बाबा. तिथेही दिली असती, तर मग लाओसपर्यंत झक मारायला गेले होते का मी?"

मीच विचारलं, "मग त्या आजी कुठे झोपल्या?"

"झोपल्या की, छान गारव्यात. मी भर उन्हात दारोदार हिंडले आणि चौथ्या गल्लीत त्यांना चालू एसीची खोली मिळवून दिली. बॅगही मीच उचलली. खोली शोधून दिली, माझी नाही दिली. संध्याकाळी त्यांनी जेवायला बोलावलं."

"आडनाव विचारलं?"

"विचारल्याशिवाय राहतील? सांगितलं."

"मग?"

"मग काय, म्हातारीने लोणचं वाढलं. फार खारट होतं."

त्याच महिन्यात घरची छोटी खोली मॅडमनी आपल्याकडे घेतली. सुतार बोलावून दाराला आतून नवी कडी ठोकून घेतली. भाच्याचं अभ्यासाचं टेबल हॉलमध्ये आलं, वहिनी कित्येक महिने धड बोलल्या नाहीत, नातेवाइकांनी 'म्हातारपणी चळ लागला' इथपर्यंत मजल मारली. मॅडमनी कुणाशी वाद घातला नाही. रोज रात्री जेवण झालं की त्या सगळ्यांशी गप्पा मारायच्या, मग उठायच्या, आत जायच्या आणि कडी लावायच्या. भाचा हॉलमध्ये बसूनच इंजिनिअर झाला. आज हिंजवडीत नोकरी करतो आणि सगळ्यांना कौतुकाने आत्याच्या गोष्टी सांगतो.

निवृत्तीनंतर आमच्या भेटी कमी झाल्या. मेमध्ये मात्र कुठल्यातरी अनोळखी गावाहून त्यांचा फोन यायचा, मागे नेहमी कुठलीतरी नदी नाहीतर समुद्र वाजत असायचा. "केतकी, काय उकडतंय गं इथे!" असं त्या इतक्या आनंदाने सांगायच्या की ऐकूनच हसू फुटायचं. फार आवडायच्या मला. गेल्या त्या ध्यानीमनी नसताना, घरीच, झोपेत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी विश्रांतवाडीला गेले. पाहुणे अजून होते. हॉलमध्ये दाटीवाटीने गाद्या पसरलेल्या, दोन म्हाताऱ्या नातलग बायका भिंतीला टेकून पेंगत होत्या. मॅडमची खोली मात्र तशीच बंद होती, तिथे कुणालाच झोपवलं नव्हतं. राजूभाऊ खूप थकलेले दिसत होते. म्हणाले, "ताईची खोली बघून जा." मला घेऊन ते दारापाशी आले. आत कुणी नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी दार ढकलायच्या आधी भाऊंनी बोटाने हलकेच टकटक केली, आणि थोडा वेळ थांबले.