टाच टेकव

तुळजाक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. लग्न होऊन मी तंजावूरला, राजवाड्यामागल्या गल्लीत आले, तेव्हा शेजारच्या म्हणून त्या माझी ओटी भरायला आल्या. कुंकू लावता लावता खाली बघून म्हणाल्या, "अय्यो, ही पोर चवड्यावर उभी आहे! टाच टेकव, पद्मा. कुठं पळायचंय?" जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. पहिल्याच दिवशी माझं हसं केलं म्हणून मी त्यांच्यावर जो डूख धरला, तो पुढे कितीतरी वर्षं.

मग मी चेन्नईला जाऊन योगाचं रीतसर शिक्षण घेतलं. घराच्या माडीवर हॉल काढला. गुळगुळीत फरशी, निळ्या मॅट, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. अकरा बायका यायच्या. पृथ्वी तत्त्वावर मी तासभर न अडखळता बोलायचे. मूलाधार, स्थैर्य, ताडासन, सगळं तोंडपाठ. आणि भिंतीपलीकडे तुळजाक्का! कसलं सर्टिफिकेट नि कसलं काय. पहाटे दारात सडा घालून, गुडघे न वाकवता कमरेतून वाकून तांदळाच्या पिठीची भली मोठी रांगोळी, कोलम, काढायच्या आणि मग मागच्या परसात, नारळाखालच्या मातीत, अनवाणी नुसत्या उभ्या राहायच्या. गुडघे धरले म्हणून गल्लीतली एक जण त्यांच्याकडे गेली, तर तिलाही शेजारी उभं केलं. मग दुसरी गेली. वर्षभरात माझ्या अकरातल्या नऊ तिकडे! आणि त्यात माझी सासू. अहो, घरातलं माणूस!

"एवढं शिकवतात तरी काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"काही नाही गं. 'आधी पायांस विचार, मग डोक्यास,' म्हणतात आणि उभं करतात. बरं वाटतं."

बरं वाटतं म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मधली भिंत माझ्या डोळ्यांपेक्षा चार बोटं उंच. रोज सकाळी कपडे वाळत घालायचं निमित्त करून मी टाचा उंचावून पलीकडे डोकवायचे. दहाबारा बायका, पाय रोवून, डोळे मिटून, आणि मधोमध ती बाई. आसनांची नावं नाहीत, श्वास मोजणं नाही. खरं सांगते, मला रडू यायचं.

एक दिवस मी ठरवलं, माती हवी ना यांना? घ्या माती. तिरुवैयारूच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून कावेरीकाठचा गाळ टेम्पोभर मागवला, गच्चीवर पसरला, छान वास सुटावा म्हणून वरून पाणी मारलं आणि गल्लीभर सांगून आले की उद्यापासून मातीवरचा वर्ग. बायका आल्या, मजा बघायला का होईना. हात वर करून ताडासनात उभी राहायला गेलेली पहिली घसरली. तिला धरायला धावलेली दुसरी फतकल मारून बसलीच. आणि गाळाचं पाणी पन्हाळीतून थेट खाली, सासूबाईंनी उन्हात घातलेल्या तांदळाच्या वडामांच्या पापड्यांवर. दोन दिवसांचं वाळवण गेलं. त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

सगळ्या निघून गेल्या. मी चिखलात बसून राहिले. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. तुळजाक्का! पदर खोचलेला, हातात केरसुणी. आता या हसणार म्हणून मी दात आवळले. पण त्या हसल्या नाहीत. घमेली भरभरून आम्ही दोघींनी दुपारपर्यंत गाळ खाली उतरवला. हातपाय धुताना त्या म्हणाल्या, "माती वर आणतात काय, पद्मा? आपण खाली उतरायचं." आणि जाता जाता, "रोज भिंतीवरून बघतेस, पोटऱ्या दुखत असतील तुझ्या. दारातून ये की."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या शेजारी उभी राहिले. हेवा गेला म्हणता? छे! उलट जवळून जास्त जळायला लागले. अक्का माझ्या पायांकडे बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, "दुसऱ्याच्या परसात बघायचं तर टाच उचलावीच लागते गं. टेकव."

दोन वर्षांपूर्वी मुलगा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. जाताना परसाच्या दाराची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "उभं राहणं बंद पाडू नको." सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की सुटले! आता सगळ्या माझ्या.

आल्या सगळ्या. पण वर्गाला अजून तुळजाक्कांचाच वर्ग म्हणतात. शिवाय रोज सकाळी सहाला अक्कांचा व्हिडिओ कॉल. "तोंड नको दाखवूस. फोन खाली ठेव, पाय बघू." मग तिथूनच, "पद्मा, डावी टाच!" चारचौघींसमोर!

गेल्या महिन्यात एके दिवशी मात्र फोन लागला तरी अक्कांनी पाय मागितलेच नाहीत. "काय झालं अक्का?" मी विचारलं. त्यांनी त्यांचा फोन खाली ठेवला. फोनवर पहिल्यांदाच मला त्यांचे पाय दिसले. गॅलरीच्या चकचकीत फरशीवर, कठड्याला लागून, आणि चवड्यांवर उभे.

"सातवा मजला गं," वरून आवाज आला. "वाकून बघते, माती दिसते का कुठं. खाली उतरले तरी सिमेंट नि गाड्या. रोज तुमचे पाय बघते आणि जळते. तुझ्यावर जळते, पद्मा."

इतकी वर्षं हेच ऐकायला मी तळमळत होते. ऐकलं, आणि मला ते नकोसं झालं. मी त्यांचंच बोलणं त्यांना म्हटलं, "टाच टेकवा, अक्का."

टाचा थोड्या खाली आल्या, पण फरशीला टेकायच्या आत थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "कशावर गं?"