भजनाखालची कॅसेट

नागापूरच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या सहादेवने एक कॅसेट जिवापाड जपली होती. ब्याण्णव साली गणपतीच्या स्टेजवर नाचायला त्याचा दोस्त भीमराज याने डिस्कोचे ठेके जोडून ती भरली होती, अन् मध्येच स्वतः ओरडला होता, "सहाद्या, पाय उचल की लेका!" पुढच्याच वर्षी भीमराज काविळीने गेला. वर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून सहादेवने कॅसेटची खुंटी मोडून ठेवली.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात तो कामावरून आला, तर घरात टेपवर भजन चाललेलं. बायको राहीबाई कौतुकाने म्हणाली, "अहो, मोडलेल्या खुंटीवर कागद चिकटवला अन् देवळातलं भजन भरून घेतलं. त्या धांगडधिंग्याचं सोनं झालं बघा."

देवाच्या नावाला नको कसं म्हणायचं? सहादेव टेपजवळ बसला. भजन संपलं आणि शेवटाला उरलेला ठेका वाजू लागला. त्याच्या पायाचा अंगठा आपसूक हलला. पण भीमराजची हाक मधल्या भागात होती. ती पुसली गेली होती.

"संपलं की भजन. उठा, जेवून घ्या."

"फीत सरू दे," तो म्हणाला, "टेपचं बटन आपोआप उठलं की उठतो."