एक स्टोव्ह आणि मधली आजी

नर्स मैत्रिणींनो, आज श्रीरामपूरला डोळे दाखवायला गेले, तर बाकावर आमचे जुने कंपाउंडर भाऊ बसलेले. मीही टेकले; आमच्या मध्ये एक अनोळखी बाई.

बाहत्तर साली देवळाली प्रवराकडच्या दवाखान्यात आम्ही दोघं होतो. स्टोव्ह एकच. त्यावर मी सुया उकळायचे, भाऊ चहा. एकदा त्यांनी माझं सुयांचं भांडं उतरवून चहा ठेवला आणि आमचं बोलणंच बंद झालं. निरोप पेशंटमार्फत जायचे.

"आजी, नर्सबाईंना सांगा, कापूस संपलाय."

"आजी, त्यांना सांगा, मला डोळे आहेत."

तापाने फणफणलेली आजी शेवटी उठून बसली. "म्या हितं सुई घ्याया आले, तुमचे निरोप द्याया न्हाई. आदी तुमी दोगं बोला." ती दंडच पुढे करेना. झक मारत बोललो. आधी सुया, मग चहा, असं ठरलं.

आज भाऊंनी मला ओळखलं आणि मधल्या बाईला म्हणाले, "यांना विचारा, चहा घेणार का?"

मी म्हटलं, "त्यांना विचारा, सुया उकळून झाल्या का?"

ती बिचारी उठून दुसऱ्या बाकावर गेली.

तुमच्या वॉर्डात सध्या मध्ये कोण बसलंय?