पाश्कोलबाबाला दिलेला वन्समोअर

गोव्यात चोपड्याच्या फेरीधक्क्यावर गोकुळदासाचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि सोमवारी त्याच्याकडे कापड टाकू नये असं गावात उघड बोललं जाई. दर रविवारी हा गृहस्थ फेरीबोटीने नदी ओलांडून शिवोलीला जायचा, पाश्कोलबाबाचा पियानो ऐकून यायचा, आणि सोमवारी त्याचं शिलाई मशीन त्याच चालीवर चालायचं. मग कुणाच्या तरी पँटीचा एक पाय बोटभर आखूड निघायचा. गिऱ्हाईक तणतणलं की गोकुळदास सुईत दोरा ओवत शांतपणे म्हणायचा, "तो पाय मागसून येता हा."

पाश्कोलबाब म्हणजे मुंबईच्या हॉटेलांतून उभा जन्म जॅझ वाजवून म्हातारपणी घरी परतलेला माणूस. वर लग्नातला काळा कोट, खाली लुंगी, असा त्याचा थाट. वाजवता वाजवता तो मध्येच थांबायचा, बाहेर ओरडणाऱ्या कावळ्याला त्याचं बोलणं पुरं करू द्यायचा, आणि मग पुढचा सूर लावायचा. एकदा त्याच्या पियानोत कोंबडी खुडूक बसली. पिल्लं फुटेपर्यंत या माणसाने खर्जाच्या पट्ट्यांना बोट लावलं नाही. सगळं वाजवणं वरच्या सुरांत, अलगद. शेजारी त्याला पिसो, म्हणजे वेडा, म्हणायचे. गोकुळदास मात्र घरी येऊन बायकोला, प्रभावतीला, सांगत सुटायचा, "अगो, जमनीक पाय लावल्याशिवाय चलता तो."

"तुमचे तरी खंय लागतत?" प्रभावती भाकरी थापता थापता विचारायची.

पण हा गोकुळदास नुसता कानसेन नव्हता बरं का. जत्रेच्या संगीत नाटकाला तबला वाजवायचा मान त्याच्या घराण्याचा. आधी आजा, मग बाप, मग हा. मंडपातली विंगेजवळची ती जागा म्हणजे त्याचा जीव की प्राण. कापड त्याने पुष्कळ बिघडवलं, ठेका कधी बिघडवला नाही.

गोवा राज्य झालं त्या सालची जत्रा. कोकणी की मराठी या वादात गावातले सख्खे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नव्हते, पण नाटक दोघांनाही हवं होतं. आणि नेमका जत्रेच्या सकाळी निरोप आला, फोंड्याचा ऑर्गनवाला तापाने फणफणलाय. तो नाही म्हणजे त्याचा ऑर्गनही नाही. नाटकाचे कारभारी कृष्णनाथभाऊ डोक्याला हात लावून बसले. राजाचं काम करणारा सगुण तर आत्ताच राज्य गेल्यासारखा दिसू लागला.

"पाश्कोलबाबाक हाडतंय," त्याला पियानोसकट आणायला निघालेला गोकुळदास म्हणाला.

"तो पिसो?" कृष्णनाथभाऊ उसळले. "तेका ना आमचा मराठी कळत, ना पदां. नाटकाचो बट्ट्याबोळ करतलो."

"नाटकाक काय झाला, तर तबल्याचो मान माज्या घरातसून काडून घेवा."

बोलून बसला. तोंडातून गेलेला शब्द आणि नदीत पडलेली सुई, दोन्ही परत मिळत नाहीत. कृष्णनाथभाऊंनी तो शब्द तिथल्या तिथे झेलला. तिन्हीसांजेला पडदा उघडायचा आणि पालखी निघायच्या आत नाटक संपवायचं, हा गावचा नेम. "पालखेच्या आदी नाटक पुरा होवक व्हया," ते म्हणाले. "नाय तर मान गेलो."

पाश्कोलबाबाने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तो राजा रडटा काय हांसता?"

"रडता. राणी हरवली हा तेची."

"बरें," म्हणून त्याने लुंगीवर कोट चढवला.

पियानो पेंढ्याच्या गाद्यांवर बसून टेंपोतून फेरीबोटीवर आला. नदीच्या मधोमध म्हाताऱ्याला लहर आली. टेंपोत चढून त्याने झाकण उघडलं आणि वाजवायला लागला. मासे विकून परतणारी शेवंती डोक्यावरची पाटी उतरवून मान डोलवू लागली. समोर धक्का आला तरी फेरीवाला बोट लावीना, गत संपेपर्यंत तिथेच घुटमळला. आणि गोकुळदास? त्याचा मान टांगणीला लागलेला, आणि हा पठ्ठ्या टेंपोच्या फळीवर ताल धरून हसत होता.

संध्याकाळी पडदा उघडला. पहिल्याच पदाला पाश्कोलबाब इतका शहाण्यासारखा वाजला की गोकुळदासाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सगुणच्या गळ्यामागून बोटं मुकाट चालत होती, अगदी शाळेला निघाल्यासारखी. पद संपलं, टाळ्या पडल्या, आणि मंडपातून रिवाजाप्रमाणे आरोळी आली, "वन्समोअर."

आता वन्समोअर म्हणजे तेच पद पुन्हा, तसंच्या तसं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाश्कोलबाबाला मात्र ते कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं गोकुळदासाने, आणि त्याला इतक्या वर्षांत पक्कं माहीत होतं की हा माणूस एकच गोष्ट दोनदा वाजवत नाही. आनंदाच्या भरात साफ विसरला.

सगुणने पहिली ओळ उचलली आणि पियानो भलत्याच वाटेने निघाला. सूर मागे राहिले, मग धावत पुढे गेले, कुठे तरी अडखळल्यासारखे झाले आणि ते अडखळणंच गोड लागलं. सगुण गांगरला. विंगेतून कृष्णनाथभाऊंनी डोळे वटारले. दुसरा कुणी तबल्यावर असता, तर समेवर दणादण थापा मारून म्हाताऱ्याला ओढून आणता. गोकुळदासालाही ते येत होतं. पण त्याने साधा केरवा धरला, हलक्या हाताने, आणि वाट बघितली. दारात कंदील धरून उभं राहावं तसा. सगुणने त्या ठेक्याला धरून डोळे मिटले आणि राजा खरोखरच राणीला हाका मारू लागला. तिघेही एकदम समेवर आले.

मग जी आरोळी उठली ती विचारू नका.

पुन्हा वन्समोअर, पुन्हा नवंच पद. राजा एकदा रडला, एकदा रागावला, एकदा तर राणी गेली ते बरंच झालं अशा थाटात गायला. लोक बाकांवर चढले. अबोला धरलेले भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होते. राणीचं काम करणारी सुमन रंग लावून विंगेत ताटकळत होती आणि तीही आतून वन्समोअर देत होती. गोकुळदासाचा सदरा घामाने चिंब झाला होता आणि गाल हसून हसून दुखत होते. नाटक पहिल्या अंकातून हलायला तयार नव्हतं.

आणि देवळात पालखीचं वाजप सुरू झालं. देव काही कुणासाठी थांबत नाही. पडदा टाकावा लागला. राणी सापडलीच नाही.

कृष्णनाथभाऊ जवळ आले. ओरडून ओरडून त्यांचाही घसा बसला होता. "असा वाजप मी जल्मात आयकूक नाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण नाटक अर्ध्यार रवला. सबद तो सबद, गोकुळदास."

"सबद तो सबद," गोकुळदास म्हणाला, आणि आजा-बापाच्या जागेवरून उठला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. गादीवरून तबला उचलताना त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तो पियानो पोचवायला फेरीपर्यंत गेला. टेंपो चढला, म्हातारा कठड्याला टेकून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने गोकुळदासाला "बस" आणि "च्या घे" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

"मुंबयंत म्हज्यावांगडा वाजयताले," तो नदीकडे बघत म्हणाला, "ते सगळे म्हाका फाटीं ओडून हाडटाले. तुवें म्हाका वचूंक दिलो." मुंबईचे सोबती मागे ओढायचे, गोकुळदासाने मात्र जाऊ दिलं, हे म्हाताऱ्याने ओळखलं होतं. मग म्हणाला, "आयतारा येतना तबलो घेवन यो."

रविवारच्या पहिल्या फेरीला गोकुळदास डग्गा-तबला पोटाशी धरून उभा होता. मान गेल्याचं दुःख होतंच, ते काय आठवड्यात जातं? पण बोटं आत्तापासूनच डग्ग्यावर ताल धरू लागली होती. त्या घरी आज तो ऐकायला चालला नव्हता.