ओवाळणीतले टाके

आमच्या नानाखेड्याच्या घरी वरच्या खोलीत एक तरुण डॉक्टर भाड्यानं राहायचा. सरकारी दवाखान्यात नवा लागलेला, खिसा रिकामा. संध्याकाळी माझे जुने अभ्रे फाडून त्यांवर टाके घालायचा सराव करी. मी शेजारी बसून म्हणायची, "हा वाकडा. उसव." एका भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, तर ताटात घालायला जवळ काही नाही. म्हणाला, "ताई, तुम्हाला कधी टाके पडायची वेळ आली तर ते माझ्या हातचे. हीच ओवाळणी."

असली ओवाळणी कुणी हसत घेतं का? मी घेतली. वर पेढा भरवला.

पुढे त्यानं फ्रीगंजमध्ये स्वतःचं नर्सिंग होम काढलं. बाजारात रोज काहीतरी नवं, परदेशी येत होतं, तेव्हाची गोष्ट. माझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि चाळिशीतली ती येडी बाई, म्हणजे मीच, चक्क खूश झाली! इंदूरला नेतो म्हणणाऱ्या नवऱ्याला, "माझा भाऊ इथे असताना?" म्हणून झिडकारलं. शेजारणींना सांगत सुटली, "बघाल, पोटावर कशिदा काढणार आहे तो." ऑपरेशनला निघाली ती वेणी घालून, पावडर लावून, जशी काही माहेरी चाललीय.

पट्टी बदलताना पाहिलं, तर पोटावर चकचकीत पिनांची रांग.

"ये क्या है?" मी आयाला विचारलं.

"नई मशीन है, दीदी. खट-खट, हो गया. छोटे डॉक्टर ने लगाया. बड़े साहब तो पथरी निकालके दूसरे केस में चले गए."

तो राउंडला आला तेव्हा मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ताई, दुखतंय का?"

"टाके तू घालणार होतास."

आधी त्याला आठवेचना. मग हसला. "अहो, ते अजून धरून बसलात? हातानं एक घट्ट येतो, एक सैल. मशीनचे सगळे सारखे. कुणीही लावले तरी फरक नाही. ओळ बघा तरी!"

बघितली. एकही वाकडा नव्हता. 'उसव' म्हणायची सोयच ठेवली नव्हती मेल्यानं. जखमही अशी सुरेख भरली की भांडायला निमित्त उरलं नाही.

त्या भाऊबीजेला तो गाडीतून आला. मी ओवाळलं. ताटात त्यानं साडी ठेवली, पदरभर वेलबुट्टी.

"तू निवडलीस?"

"मला कुठला वेळ, ताई? छोट्या डॉक्टरला पाठवलं होतं."

"छान आहे," म्हटलं, आणि पेढ्यांचा डबा आत नेऊन ठेवला.